पाण्यातले दोन खांब

गुडघाभर पाण्यात दोन्ही हात पसरून उभं राहायचं, एवढंच शिवणकाकूंचं काम होतं. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं.

तळ्याच्या काठी सिमेंटचा एक उतार होता. होडीचा ट्रेलर गाडीने उलटा ढकलत त्या उतारावरून पाण्यात सोडला की तो असा बुडायचा, की वर नावालासुद्धा काही दिसू नये. सगळीकडे नुसतं हिरवं, झोपाळू पाणी. आणि तळ्यातून परत येणाऱ्या माणसाने होडी आणून बसवायची ती नेमकी त्या न दिसणाऱ्या ट्रेलरच्या मधोमध. चार बोटं इकडेतिकडे झाली की होडी तिरकी बसायची, नाहीतर चाकावरच्या पत्र्यावर चढायची. म्हणून काकू ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी उभ्या राहून हात पसरायच्या आणि समोरून त्यांचे यजमान होडी घेऊन यायचे. काकूंचा जो हात खाली जाईल त्या बाजूला होडी वळवायची. पहिली दोन वर्षं तुझा डावा की माझा डावा यावरून भर पाण्यात भांडणं झाली. पुढची चोवीस वर्षं एक शब्दही न बोलता काम झालं.

काकूंना ती पाच मिनिटं फार आवडायची. कलतं ऊन पाण्यावर पसरलेलं, पायाखाली गुळगुळीत शेवाळ, इंजिनाचा आवाज लांबून हळूहळू जवळ येतोय, आणि आपण कुठे संपतो नि पाणी कुठे सुरू होतं हे कळेनासं होतंय. कधी कधी तर त्यांना वाटायचं, आपण उभ्याच नाही आहोत, तळंच आपल्याभोवती येऊन उभं राहिलंय. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. भाजीत मीठ किती इथपासून खिडकी किती उघडी ठेवायची इथपर्यंत शब्दाला शब्द लावणारा त्यांचा नवरा त्या पाच मिनिटांत मुकाट त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर चालायचा.

नवऱ्याला सगळे सूतराव म्हणत. चौतीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर त्यांनी लोखंड कातलं होतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि एक सूत इकडचं तिकडे झालं तर या माणसाला जेवण जात नसे. काकू घरी शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात धरूनसुद्धा त्या स्पष्ट बोलू शकतात, आणि बोलतातच, असं सूतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

गेल्या हिवाळ्यात काकू पाण्यात पडल्या. हात पसरून उभ्या होत्या आणि अचानक तळं एका बाजूला कललं. निदान त्यांना तरी तसंच वाटलं. सूतरावांनी इंजिन बंद करून उडी मारली. दवाखान्यात चार दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळणारं जे काही कानाच्या आत असतं ते बिघडलंय, भोवळ परत येऊ शकते, हलत्या पाण्यात उभं राहणं बंद. सूतरावांनी नुसती मान डोलावली. वाद न घालता त्यांनी एखादी गोष्ट ऐकून घेतली की काकू सावध व्हायच्या.

नंतर बरेच दिवस होडी पाण्यात गेलीच नाही. हवा मोकळी झाली तशी सूतरावांनी तळाच्या पत्र्यातले पाझरणारे रिव्हेट बदलायला ती वेल्डरकडे नेऊन टाकली. अंगणात नुसता ट्रेलर उरला. आणि एका दुपारी ते काकूंच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"ऊठ जरा. हात पसर."

"कशाला?"

"पसर गं. प्रत्येक गोष्टीला कशाला काय?"

काकूंनी हात पसरले. सूतरावांनी त्यांच्या गळ्यातला टेप काढला आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटापासून उजव्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत माप घेतलं. दोनदा घेतलं. आकडा तळहातावर लिहिला आणि निघून गेले.

काकू हात तसेच पसरून क्षणभर उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी गावाची मापं घेतली होती, त्यांचं माप कुणी घेतलं नव्हतं. शिवणारीचं माप कोण घेणार? स्वेटर असेल, त्यांना वाटलं. किंवा रेनकोट. मग दोन दिवस त्या गुणगुणत होत्या, आणि एका गिऱ्हाइकाच्या बाहीला कॉलर लावून बसल्या.

तिसऱ्या दिवशी अंगणात चार पाइप येऊन पडले. दोन जस्त चढवलेले लोखंडी, काटकोनात वाकवलेले, आणि दोन पांढरे प्लास्टिकचे. शेजारी नटबोल्टांची पिशवी, ग्रीसचा डबा, ओळंबा आणि पाना.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"खांब. ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन्हीकडे उभे करायचे. ट्रेलर बुडला तरी हे वर दिसत राहतील. दोघांच्या मधून होडी आणली की झालं. कुणी उभं राहायला नको."

"कुणी म्हणजे?"

"कुणी म्हणजे कुणीच."

काकू आत जाऊन मशीनवर बसल्या, पण मशीन चालवलं नाही. त्यांना रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता. सव्वीस वर्षं ज्या जागेवर आपण उभ्या होतो ती जागा चार पाइपांत भागते, हे त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बाबांनी चांगलंच केलं की, ती म्हणाली, आता तुला पाण्यात जायला नको.

"हो ना," काकू म्हणाल्या. "दोन सवती आणून बसवतायत दारात. एक डावी, एक उजवी."

"कशा आहेत दिसायला?" लेकीने हसत विचारलं.

"उंच आहेत, गोऱ्या आहेत आणि उलट बोलत नाहीत."

लेक इतकी हसली की काकूंनाही हसावं लागलं. पण फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. काकू पायरीवर एक फ्रॉक हातशिलाईला घेऊन बसल्या. बघायचं नाही असं ठरवून बसल्या होत्या, तरी सगळं बघत होत्या. सूतरावांनी ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीवर आपल्या स्टीलच्या टेपने माप टाकलं, खडूने खुणा केल्या. वाकवलेल्या पाइपाचा आखूड पाय पट्टीला टेकवला, वरून बोल्टांच्या कड्या अडकवल्या, आट्यांना ग्रीस लावलं, नट हाताने फिरवले. मग ओळंबा सोडून खांब सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं. हलवला, पुन्हा पाहिलं. समाधान झाल्यावर पान्याने नट आवळले, आणि एकावर विश्वास नाही म्हणून प्रत्येकावर दुसरा नट चढवला. शेवटी लोखंडावर पांढरा पाइप सरकवून वर टोपी बसवली.

"मधलं अंतर कुठनं काढलंत?" काकूंनी नको नको म्हणत विचारलंच. "होडी तर वेल्डरकडे आहे."

"तुझ्यावरनं." सूतराव नट पुसत म्हणाले. "होडी नीट आत आली की तिच्या दोन्ही कडा तुझ्या दोन्ही बोटांशी जुळतात. एवढी वर्षं बघतोय. होडीची आणि तुझी रुंदी एकच. वर दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच सोडलाय."

"होडीची आणि माझी रुंदी एकच! असं बायकोला म्हणतं का कुणी?"

"खरं तेच सांगितलं."

म्हणजे स्वेटरही नाही आणि रेनकोटही नाही. काकूंनी दोरा दाताने तोडला आणि आत गेल्या.

शनिवारी वेल्डरने होडी परस्पर तळ्यावर आणून पाण्यात सोडली. सूतरावांनी ट्रेलर उतारावरून खाली घेतला. पांढरे खांब पाण्यातून वर उभे राहिले, गोऱ्या सवतींसारखे, एकाही सुरकुतीशिवाय. काकूंना काठावर, कोरड्यात, एका दगडावर बसवलं होतं. सूतरावांनी लांबून वळसा घेतला, होडी खांबांच्या रेषेत आणली आणि सावकाश आत घातली.

नाक आत गेलं. मग पोट आलं आणि करकर असा आवाज झाला. होडी दोन खांबांच्या मध्ये बुचासारखी बसली. पुढे जाईना, मागे येईना. वेल्डर कमरेपर्यंत पाण्यात उतरला, त्याने होडी हलवून हलवून मागे ओढली. दोन्ही कडांचा रंग खरवडून निघाला होता.

"काय सूतराव," वेल्डर खो खो हसत म्हणाला, "चार सूत खाल्लेत की आज!"

सूतराव हसले नाहीत. त्यांनी स्टीलच्या टेपने होडी मोजली, खांबांमधलं अंतर मोजलं. बरोबर अर्ध्या इंचाने होडी मोठी होती.

काठावर बसलेल्या काकूंना कारण तिथल्या तिथे कळलं. त्यांचा टेप कापडी होता आणि फार जुना. वर्षानुवर्षं ओढून ओढून तो ताणला गेला होता. पाच फुटांत दीड इंच कमी दाखवायचा. काकूंचं त्यामुळे कधी अडलं नाही, कारण माप ज्या टेपने घ्यायचं त्याच टेपने कापड कापलं की चूक आपोआप जिरते. सूतरावांनी माप घेतलं काकूंच्या टेपने आणि लोखंडावर टाकलं स्वतःच्या टेपने. बाकी काही चुकलं नव्हतं.

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

बोललं तर खांब उद्या दीड इंच सरकतील आणि कायमचे राहतील. गप्प बसलं तर? हा माणूस वैतागून खांब काढून टाकेल. मग कानाचं काय ते बघू, घट्ट उभं राहू, काठी धरू. पण ती पाच मिनिटं परत मिळतील. त्या गप्प बसल्या, आणि चोरी केल्यासारखं वाटून घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या दुपारी त्यांचा डोळा लागला. स्वप्नात त्या पाण्यात उभ्या होत्या, हात पसरलेले, आणि हात वाढत चालले होते. बोटं दोन्ही काठांना पोचली, झाडांत शिरली, तरी वाढतच होती. समोरून एकामागून एक होड्या येत होत्या, सगळ्या रिकाम्या, आणि त्यांच्या हातांच्या मधून आवाज न करता पार होत होत्या. कुणीच थांबत नव्हतं. काकू जाग्या झाल्या तेव्हा खोलीभर पिवळं ऊन होतं आणि पलीकडच्या खोलीतून टेप सरकवल्याचा सर्र आवाज येत होता.

त्या उठून दारापाशी गेल्या. सूतराव स्वयंपाकघरातलं टेबल मोजत होते. मग खुर्ची मोजली. मग दाराची चौकट. प्रत्येक आकडा कागदावर लिहून पुन्हा मोजत होते, चष्मा काढून आणि चष्मा लावून. रविवारी दिवसभर हेच चाललं. वाद घातला नाही, मिठाबद्दल बोलले नाहीत, खिडकी काकूंनी सताड उघडली तरी काही म्हणाले नाहीत.

सोमवारी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "होडी काढून टाकू या."

"का?"

"माझं माप चुकायला लागलं. साधं दोन हातांतलं अंतर मला घेता येईना. उद्या गाडी उलटी घेताना चुकेन. तू मागे उभी असशील." त्यांनी कप खाली ठेवला. बशीत न ठेवता टेबलावर ठेवला, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आपल्या पाच मिनिटांसाठी आपण या माणसाची चौतीस वर्षं काढून घेत होतो, हे काकूंना लख्ख दिसलं आणि स्वतःची लाज वाटली. त्यांनी गळ्यातला टेप काढून टेबलावर टाकला.

"तुमचा टेप आणा आणि शेजारी ठेवा."

सूतरावांनी ठेवला. दोन्ही टेप शून्याला जुळवून धरले आणि बोटाने पुढे सरकत गेले. एका फुटापर्यंत आकडे बरोबर गेले, दोनवर थोडे हलले, पाचवर कापडी टेप दीड इंच मागे पडला. सूतराव कितीतरी वेळ त्या दीड इंचाकडे बघत राहिले.

"ह्या टेपने तू माझे शर्ट शिवतेस?"

"शिवते. आणि बसतात."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"टेपचं? दहा वर्षं." काकूंनी मान खाली घातली. "खांबांचं म्हणाल तर शनिवारपासून. मुद्दाम बोलले नाही. ते खांब मला नको होते."

आता भडका उडेल असं त्यांना वाटलं. सूतराव खुर्चीत मागे टेकले आणि हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग उठून पाना घेऊन अंगणात गेले. नट सैल करून दोन्ही खांब पाऊण पाऊण इंच बाहेर सरकवायला त्यांना अर्धा तास लागला. ओळंबा काकूंनी धरला. एवढं करणं भागच होतं.

तिसऱ्या प्रहरी ते तळ्यावर गेले. कामाचा दिवस होता, उतारावर दुसरं कुणी नव्हतं. होडी शनिवारपासून काठच्या धक्क्यालाच बांधलेली होती. सूतरावांनी ट्रेलर पाण्यात उतरवला आणि तसाच राहू दिला. काकू शनिवारच्या दगडाकडे निघाल्या.

"तिकडे कुठे? होडीत बस."

"मी?"

"मग कोण? खांब कशाला लावलेत?"

काकू होडीत बसल्या. आजवर त्या फक्त कधीमधी, तेही काठाकाठाने बसल्या होत्या, आणि परतायच्या आधी सूतराव त्यांना नेहमी धक्क्यावर उतरवून द्यायचे. तळ्याच्या मधोमध गेल्यावर सूतरावांनी इंजिन हळू केलं. आभाळ पाण्यात उतरलं होतं आणि होडी कुठे टेकली आहे असं वाटतच नव्हतं. बसून राहिलं तर काकूंचं डोकंही गरगरत नव्हतं. लांबवर झाडांच्या खाली धुकट उजेड होता.

मग सूतरावांनी होडी वळवली आणि काकूंना काठ दिसला. राखाडी उतार, मागे उभी गाडी, पाण्यातून वर आलेले दोन पांढरे खांब. आणि कुणीच नाही. काठ इतका मोकळा होता की त्यांच्या अंगावर काटा आला.

"असं दिसतं होय इथनं," त्या म्हणाल्या.

"तू दवाखान्यात होतीस ना, तिसऱ्या दिवशी नर्सने मला घरी जाऊन झोपा म्हणून पाठवलं," सूतराव पुढे बघतच म्हणाले. "मी इथे आलो. म्हटलं, जरा फिरून येऊ. परत वळलो तर हे असं. होडी आत घालायला हातच होईना. तास दीड तास नुसता फिरत राहिलो. शेवटी धक्क्याला बांधली आणि चालत दवाखान्यात आलो."

"मला म्हणालात, झोप झाली म्हणून आलो."

"मग काय सांगणार?" त्यांनी इंजिनाचं हँडल जरासं सरळ केलं. "तुला काढून टाकायला नाही लावले खांब. तू तिथे उभी असलीस की आता मला सारखं वाटतं, पुढच्या वळणाला नसली तर? म्हटलं, तू इकडेच बस. दोघं मिळून परत येऊ."

काकूंना नवऱ्याचा इतका लोभ वाटला की बघवेना, म्हणून त्या काठाकडेच बघत राहिल्या. खांब जवळ येत होते. दोघं मिळून किती दिवस येणार, हा विचार त्यांच्या मनात आला आणि जायला तयार होईना. कधीतरी या होडीत एकच माणूस असेल. तो माणूस सूतराव असले तर त्यांना खांब आहेत. आणि आपण असलो तर? आपल्याला होडी चालवताच येत नाही. आपणही अशाच इथे फिरत राहू.

"सरका," काकू म्हणाल्या.

"काय?"

"सरका तिकडे. मला चालवू द्या."

"आत्ता? मधेच? अगं, आधी सरळ पाण्यात शीक—"

"मला परत येता आलं पाहिजे," काकू म्हणाल्या. "एकटीला."

सूतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना समजलं, आणि चेहऱ्यावरून ते समजलेलं दिसलं. त्यांनी इंजिन अगदी मंद केलं, बाकावरून सरकले आणि काकूंचा हात हँडलवर ठेवला. हँडल कोमट होतं, थरथरत होतं. काकूंनी ते डावीकडे ढकललं तर होडी उजवीकडे निघाली.

"उलटं, उलटं," सूतराव म्हणाले. "जिकडे जायचं त्याच्या विरुद्ध."

"हे कुठलं शहाणपण?"

"असंच असतं."

काकूंनी विरुद्ध ढकललं. नाक फिरलं, जास्तच फिरलं, परत आलं. दोन्ही खांब हलत हलत समोर आले, एक जवळचा, एक लांबचा, मग हळूहळू सारखे झाले. होडी वाकडीच आत शिरली आणि डाव्या खांबाला घासली. खांब जरासा वाकला, मग त्यानेच होडीला परत मध्ये लोटलं. पाण्याखाली कुठेतरी होडी ट्रेलरवर अलगद टेकली.

"बरोबर आली?" काकूंनी मागे न बघता विचारलं.

सूतरावांनी नुसता काकूंच्या हातावर हात ठेवला आणि इंजिन बंद केलं.